एव्हरेस्टवर राहिलेल्या खुणा

आमच्या सांगोल्याच्या माळावर उभे राहून चहूकडे नजर टाकली, तर डोंगर म्हणावा असा डोंगर दिसत नाही. माणदेशाचा हा मुलूख समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास उंच. पाऊस बेताचा, आणि बर्फ पाहायचे ते गोळेवाल्याच्या गाडीवर. अशा गावात बसून मी तुम्हांला एव्हरेस्टच्या उत्तर उतारावरची हकीकत सांगणार आहे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण निमित्त घडले ते वर्गातच. वातावरणाचा दाब शिकवताना एव्हरेस्टचा उल्लेख झाला, आणि अकरावीच्या एका मुलीने विचारले, "सर, मॅलरी शिखरावर पोहोचला नव्हता हे कुठे सिद्ध झाले आहे? मग पोहोचला असे मानायला काय हरकत आहे?"

तास संपल्याची घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी माणसे गेली नव्वद वर्षे त्या डोंगरावर खुणा धुंडाळीत आहेत, आणि त्या शोधात पायांइतकेच काम पदार्थविज्ञानाने केले आहे.

हकीकत थोडक्यात अशी. तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी १९५३ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, हे तुम्हांला पाठ आहे. त्याच्या बऱ्याच आधी, १९२१, १९२२ आणि १९२४ या साली, ब्रिटिश मोहिमा तिबेटच्या बाजूने त्या डोंगरावर गेल्या होत्या. तिन्ही मोहिमांत असलेला एक गिर्यारोहक म्हणजे जॉर्ज मॅलरी. १९२४ मध्ये त्याचे वय ३७ वर्षांचे होते. त्याचा शेवटचा जोडीदार अँड्र्यू अर्विन अवघा २२ वर्षांचा, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. गिर्यारोहणाचा अनुभव त्याला बेताचाच होता, पण यंत्रे खोलून दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि प्राणवायूची नळकांडी व त्यांच्या तोट्या त्या मोहिमेत सतत बिघडत होत्या.

८ जून १९२४ रोजी सकाळी हे दोघे सुमारे ८१७० मीटर उंचीवरच्या सहाव्या तळावरून निघाले. दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी, खालून येणाऱ्या नोएल ओडेल या भूशास्त्रज्ञाला ढगांच्या फटीतून वरच्या धारेवर दोन काळे ठिपके हलताना दिसले. ढग मिटले. दोनच्या सुमारास बर्फाचे वादळ आले, दोनेक तासांनी ते निवळले, धारेवर ऊन पडले. पण ठिपके पुन्हा कोणाला दिसले नाहीत.

हा सहावा तळ आपोआप उभा राहिला नव्हता, हेही ध्यानात ठेवा. त्या उंचीवर तंबू आणि सामान पाठीवर वाहून नेणारे भारवाहक होते. त्यांनी प्राणवायूच्या नळकांड्याची मदत घेतली नव्हती. आपल्या पुस्तकांत मात्र दोन साहेबांची नावे येतात आणि ओझे वाहणाऱ्यांची बहुधा गळतात.

पहिली खूण नऊ वर्षांनी सापडली. १९३३ च्या मोहिमेत विन-हॅरिस या गिर्यारोहकाला सुमारे ८४६० मीटर उंचीवर, खडकाच्या फरशीवर मोकळी पडलेली बर्फकुऱ्हाड दिसली. त्या उंचीवर तोवर दुसरे कोणी कुऱ्हाड टाकून आलेले नव्हते, तेव्हा ती या दोघांपैकीच एकाची. पुढे तिच्या दांड्यावरच्या तीन खाचांवरून ती अर्विनची असावी असे ठरले. लगेच अनेकांनी निष्कर्ष काढला की अपघात इथेच झाला. इथून ते खाली कोसळले. निष्कर्ष अगदी सरळ दिसतो. तो लक्षात ठेवा, आपल्याला पुन्हा त्याच्याकडे यायचे आहे.

त्यानंतर बरीच वर्षे काही नाही. १९७५ च्या चिनी मोहिमेतला वांग होंगबाओ हा गिर्यारोहक आपल्या तंबूतून सहज फेरी मारायला बाहेर पडला असता त्याला एका जुन्या काळच्या इंग्रजाचा मृतदेह दिसला. ही गोष्ट त्याने १९७९ साली हासेगावा नावाच्या जपानी गिर्यारोहकाला सांगितली, आणि दुसऱ्याच दिवशी वांग हिमलोटात सापडून मरण पावला. जागा नेमकी कोणती, हे विचारायला माणूसच उरला नाही. एवढेच ठाऊक होते की ती १९७५ च्या चिनी सहाव्या तळापासून थोड्याच वेळाच्या अंतरावर होती. पण तो तळ तरी कुठे होता? तंबू वाऱ्याने केव्हाच उडून गेले होते.

इथे योखेन हेमलेब या जर्मन भूशास्त्राच्या विद्यार्थ्याने जी युक्ती केली, ती तुम्ही आपल्या गावात आजच करून पाहू शकता. त्याच्याजवळ त्या चिनी तळाचे एक छायाचित्र होते. छायाचित्रात तंबूच्या मागे डोंगराचे कडे दिसत होते. कोणता खडक कोणत्या खडकाच्या आड येतो हे पाहून त्याने छायाचित्र कोठून घेतले असेल ते शोधून काढले.

यामागचे तत्त्व असे. समजा, तुमच्या मित्राने गावाबाहेरच्या माळावरून एक छायाचित्र काढले. त्यात देवळाचा कळस पाण्याच्या टाकीच्या बरोबर पुढे आला आहे. मग गावाच्या नकाशावर टाकी आणि कळस यांना जोडणारी रेषा काढा आणि ती माळाकडे वाढवा. मित्र त्या रेषेवर कुठेतरी उभा होता. पण कुठे? त्याच छायाचित्रात दुसरी जोडी शोधा. एखादी विहीर आणि तिच्यामागे शाळेची इमारत, असे समजा. त्यांचीही रेषा काढा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील, तिथे तुमचा मित्र उभा होता. एक पाऊल डावीकडे सरकले तरी जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या मानाने उजवीकडे सरकते, म्हणून ही पद्धत चांगली नेमकी ठरते. फक्त जोड्या निवडताना दोन्ही रेषा जवळजवळ एकाच दिशेच्या नसाव्यात, नाही तर छेदनबिंदू धूसर होतो. वर्गातील मुलांना दोन गटांत वाटा, एका गटाने छायाचित्र काढावे आणि दुसऱ्याने जागा शोधावी. आमच्या मुलांनी हा खेळ केला तेव्हा पहिल्या खेपेला त्यांचा बिंदू एका डाळिंबाच्या बागेत निघाला. रेषा फारच जवळजवळ समांतर घेतल्या होत्या!

एव्हरेस्टवर ही पद्धत उपयोगी पडली. एरिक सिमन्सन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन गिर्यारोहकांची तुकडी १९९९ च्या वसंतात तिबेटच्या बाजूने गेली. (त्याच्या आदल्याच वर्षी आपल्या पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर जाऊन आले होते.) १ मे रोजी पाच जण हेमलेबने आखून दिलेल्या उतारावर पसरले. प्रथम त्यांना अलीकडच्या काळातले मृतदेह दिसले. ते उंचावरून पडलेले, मोडतोड झालेले होते. मग कॉनरड अँकर जरा खाली आणि पश्चिमेकडे गेला, आणि ८१५५ मीटर उंचीवर त्याला संगमरवरासारखा पांढरा पडलेला एक देह पालथा दिसला. कपडे सुती, रेशमी, लोकरीचे. पायांत खिळ्यांचे बूट. कमरेला तुटलेला दोर.

सगळ्यांची खात्री झाली की हा अर्विन. कारण कुऱ्हाड अर्विनची, ती याच्या वरच्या अंगाला सापडलेली, आणि वांगने पाहिलेला देहही त्याचाच असे गृहीत धरलेले. मग सदऱ्याच्या कॉलरपाशी शिवलेली नावाची पट्टी निघाली. तीवर 'जी. मॅलरी' असे होते. काही क्षण ते गिर्यारोहक गोंधळून गेले. अर्विनने मॅलरीचा सदरा का घातला असेल, असा विचारही आला. पाहा, डोळ्यांसमोर पुरावा असताना आधी ठरवून ठेवलेले उत्तर माणसाला कसे धरून ठेवते! तो मॅलरीच होता.

आता कुऱ्हाडीकडे परत येऊ. कुऱ्हाडीची जागा आणि मॅलरीचा देह यांच्या उंचीत साधारण ३०० मीटरचा फरक आहे. कुऱ्हाड पडली तिथूनच तोही पडला, असे धरू. मोकळेपणाने ३०० मीटर खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग किती होईल? नववीच्या सूत्राने वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराची दुप्पट. हिशेब करा: सेकंदाला सुमारे ७७ मीटर, म्हणजे ताशी २७५ किलोमीटरच्या घरात. उतारावर घर्षण असते, म्हणून वेग याहून कमी. पण वाटेतले खडक आपटणार ते वेगळेच. अशा पडण्यातून देहाची काय अवस्था होते, ते त्या दिवशी शोधकांनी इतरांच्या बाबतीत पाहिलेच होते. मॅलरीचा मात्र उजवा पाय घोट्याच्या वर मोडलेला, कपाळावर जखम, आणि बाकी देह बराचसा धड. दोन्ही हात डोक्याच्या वर पसरलेले, जणू घसरताना तो बोटांनी खडी धरू पाहत होता. म्हणजे तो पडला, पण ३०० मीटर नव्हे. बऱ्याच खालून, थोडे अंतर. तेव्हा १९३३ चा तो सरळ दिसणारा निष्कर्ष, की अपघात कुऱ्हाडीपाशी झाला, तो निदान मॅलरीच्या बाबतीत टिकत नाही. कुऱ्हाड तिथे ठेवलेली असेल, हातून सुटलेली असेल. ती फक्त एवढेच सांगते की दोघांपैकी कोणीतरी तिथे होते.

त्याच्या खिशात गॉगल होता. बर्फावरच्या उन्हात डोळ्यांवर गॉगल नसेल तर काही तासांत दिसेनासे होते. म्हणून अनेकांनी म्हटले की तो पडला तेव्हा अंधार पडला असावा, म्हणजे ते दोघे दिवसभर वर होते. शक्य आहे. पण त्याच्याजवळ दुसरा गॉगल असेल आणि तो पडताना उडून गेला असेल, तर? ही खूण दुबळी आहे. त्याहून दुबळी खूण म्हणजे न सापडलेले छायाचित्र. मॅलरी पत्नीचे छायाचित्र शिखरावर ठेवणार होता असे सांगतात आणि ते त्याच्या खिशात मिळाले नाही. न सापडलेल्या वस्तूवरून काही सिद्ध करू लागलो, तर माझ्या खिशात चंद्रावरचा दगड नाही, यावरून मी तो चंद्रावर परत ठेवून आलो असेही सिद्ध होईल.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी खूण सांगतो. ती दिसायला अगदी सामान्य, एक रिकामे नळकांडे आहे. सिमन्सनला ते १९९१ मध्येच धारेवर, 'पहिली पायरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खडकाच्या अलीकडे, सुमारे ८४७५ मीटर उंचीवर दिसले होते. १९९९ मध्ये ते खाली आणले. ते १९२४ च्या मोहिमेचे, नऊ क्रमांकाचे नळकांडे होते. वस्तू घरंगळत खाली येते, वर जात नाही. तेव्हा ते दोघे किमान इतक्या उंचीवर गेले होते, हे पक्के झाले.

याच्यापुढे थोडे गणित करता येते. १९२४ च्या एका नळकांड्यात साध्या दाबाला मोजला तर ५३५ लिटर प्राणवायू मावत असे, आणि तो १२० वातावरण इतक्या दाबाने भरलेला असे. बॉइलच्या नियमाने पाहिले तर ५३५ ला १२० ने भागले की नळकांड्याचे आतील घनफळ येते, साधारण साडेचार लिटर. तोटी पूर्ण उघडली तर मिनिटाला २.२ लिटर वायू बाहेर पडे. म्हणजे एक नळकांडे सुमारे चार तास पुरे. सहाव्या तळापासून (८१७० मीटर) नळकांड्याच्या जागेपर्यंत चढण झाली ३०५ मीटर. चार तासांत ३०५, म्हणजे तासाला ७६ मीटर. तुमच्या शाळेचा जिना चढायला जितका वेळ लागतो, त्याच्याशी तुलना करून पाहा.

पुढे शिखर ८८४९ मीटरवर. उरलेली चढण ३७४ मीटर. याच गतीने जवळजवळ पाच तास. दुसरे नळकांडे मात्र चार तासच पुरणार. आता कोणी म्हणेल, तोटी पूर्ण उघडली नसेल तर? मिनिटाला १.५ लिटरच सोडला तर नळकांडे सहा तास पुरते. खरे, पण मग पहिल्या ३०५ मीटरलाही सहा तास लागले असे होते, आणि पुढच्या चढणीला सव्वासात तास लागतात. गंमत अशी की तोटी कशीही ठेवा, उत्तर तेच. एका नळकांड्यात ३०५ मीटर होत असतील, तर ३७४ मीटरसाठी सव्वा नळकांडे लागणार. दुसरे नळकांडे शिखराच्या अदमासे ७० मीटर खाली रिकामे होणार. आणि वरची वाट सोपी नाही. 'दुसरी पायरी' नावाचा सुमारे ३० मीटरचा जवळजवळ उभा कडा मध्येच आहे, ज्यावर चिन्यांनी १९७५ साली शिडी बसवली.

झाले का मग सिद्ध? नाही. कारण या गणितात मी तीन गोष्टी गुपचूप धरून चाललो: दोघांजवळ प्रत्येकी दोनच नळकांडी होती, दोन्ही पूर्ण भरलेली होती, आणि पहिले संपताक्षणी टाकून दिले. मॅलरीने शेवटच्या चिठ्ठीत बहुधा दोन नळकांड्यांवर जाऊ असे लिहिले होते. 'बहुधा' हा त्याचाच शब्द. त्याच्या खिशात एक पत्र मिळाले. त्याच्या पाकिटाच्या पाठीवर नळकांड्यांचे क्रमांक आणि त्यांतले दाब पेन्सिलीने टिपलेले होते, त्यांत नऊ क्रमांकही होता, आणि नोंदी दोनांहून अधिक नळकांड्यांच्या होत्या. तिसरे नळकांडे नेले असेल तर प्राणवायू शिखरापर्यंत पुरतो. आणि समजा, नळकांड्याचा काटा १२० ऐवजी ११० दाखवत होता, तर त्यात ४९० लिटरच भरतात आणि वेळही त्याच प्रमाणात घटतो. आकडे बदलून हा हिशेब तुम्ही स्वतः करा. कोणत्या गृहीतावर उत्तर किती हलते ते वहीत लिहा.

आणखी एक खूण डोंगरावर नव्हे, तक्त्यात सापडली. त्या मोहिमेत सॉमरव्हेल नावाचा शल्यचिकित्सक होता, जो पुढे कित्येक वर्षे त्रावणकोरमधील नेय्यूरच्या इस्पितळात काम करत राहिला. मोहिमेतल्या हवामानाच्या नोंदींचा वृत्तान्त त्याने तयार केला आणि तो १९२६ मध्ये छापून आला. नंतर त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये टोरांटो विद्यापीठातील केंट मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा काढले, तेव्हा दिसले की त्या दिवसांत खालच्या मुख्य तळावरील हवेचा दाब सुमारे १८ मिलिबारने उतरला होता.

१८ मिलिबार म्हणजे किती? आमच्या प्रयोगशाळेतला वायुभारमापक सांगोल्यात ९५५ मिलिबारच्या आसपास दाखवतो. रोज सकाळी तो थोडा चढतो, दुपारी उतरतो. हा रोजचा चढउतार तीन-चार मिलिबारचा. एकदम १८ मिलिबार दाब उतरला, तर मी मुलांना घरी पाठवीन, कारण मोठे वादळ जवळ आहे असे समजायचे. एव्हरेस्टवर मात्र वादळाबरोबर दुसरेही संकट येते. माथ्यावरचा दाब १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजला गेला, तो पाऱ्याच्या २५३ मिलिमीटर भरला, समुद्रकिनाऱ्यावरच्या दाबाच्या एकतृतीयांश. त्या उंचीवर दर १०० मीटरला दाब साधारण पाच मिलिबारने घटतो. म्हणजे हवामानामुळे दाब पाच मिलिबार उतरला, तर श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने शिखर १०० मीटर अधिक उंच झाल्यासारखे होते. त्या दुपारी वर धारेवर दाब नेमका किती उतरला ते मोजायला तिथे कोणी नव्हते. पण ओडेलने पाहिलेले दोन तासांचे वादळ ही साधी बर्फाची सर नसावी, हे या कोरड्या आकड्यांनी दाखवून दिले.

अर्विनचा पत्ता लागायला शंभर वर्षे लागली, आणि तोही जिथे सगळे शोधत होते तिथे लागला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जिमी चिन यांच्या तुकडीला डोंगराच्या पायथ्याच्या रोंगबुक हिमनदीवर, वितळत्या बर्फातून वर आलेला एक जुना बूट दिसला. आत पाऊल होते, मोज्यावर 'ए. सी. अर्विन' अशी पट्टी शिवलेली होती. धारेपासून हे ठिकाण फार खाली. घसरणारे बर्फ आणि हिमलोट यांनी ते केव्हातरी खाली आणले, आणि हिमनदीने, जी दिसते स्थिर पण वाहते सतत, ते आपल्या पोटातून पुढे नेले. म्हणजे वरच्या उतारावर शोधणाऱ्यांनी जेवढे परिश्रम घेतले, तेवढ्या काळात निदान एक खूण त्यांच्या पायांखालून कधीच निघून गेली होती.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला आता मी काय उत्तर द्यावे? "पोहोचला नाही हे सिद्ध झालेले नाही" हे खरे. पण त्यावरून "पोहोचला" निघत नाही. ८४७५ मीटरपर्यंत ते गेले, हे नळकांडे सांगते. त्याच्यावर फक्त शक्यता आहेत, आणि मला स्वतःला प्राणवायूच्या हिशेबामुळे ती शक्यता लहान वाटते. तिला तसे वाटत नाही, ती तिसऱ्या नळकांड्याच्या बाजूने आहे. आमचा वाद चालू आहे.

तो मिटवू शकेल अशी एकच वस्तू उरली आहे: त्यांनी बरोबर नेलेला कोडॅकचा छोटा घडीचा कॅमेरा. तो मॅलरीच्या देहाजवळ नव्हता. म्हणजे तो अर्विनजवळ असेल, आणि अर्विनचा बाकीचा देह अजून सापडलेला नाही. त्या फिल्मवर प्रकाश पडला असेल, तर चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांत डोळ्यांना न दिसणारे चित्र उमटलेले असेल, आणि थंडीत ते दीर्घकाळ टिकू शकते; शंभर वर्षांच्या विश्वकिरणांनी ते किती धुरकट केले असेल, हा प्रश्न आहेच. म्हणून पुढे कधी कोणाला तो कॅमेरा मिळाला, तर त्याने तो तिथे उघडून पाहायचा नाही. उन्हात धरायचा नाही, उबेला ठेवायचा नाही. अंधारात, गारठलेल्या स्थितीत, आहे तसाच गुंडाळून खाली आणायचा आणि जाणकाराच्या हाती द्यायचा.